डॉक्टरेट कोणती, या प्रश्नाआधी डॉक्टरेट कशासाठी?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी देशभर लागू होणारे अभ्यासक्रम जाहीर केले. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस तंत्रज्ञान यांच्या जोडीला त्या यादीत ‘फिजिशियन असोसिएट’ हा व्यवसायही होता. वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर ही बातमी आली आणि मागे पडली. परंतु ज्या तरुणांनी ‘फिजिशियन असिस्टंट’ची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘पीए’ची पदवी घेतली आहे, त्यांच्यासाठी ती महत्त्वाची होती. ज्या व्यवसायाला काल-परवापर्यंत ठरीव अभ्यासक्रम नव्हता, त्याच्या शिडीची खालची पायरी आता पक्की होत आहे. साहजिकच वरच्या पायरीचा विचार सुरू झाला आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर डॉक्टरेट घ्यावी काय? घ्यावी तर कोणती, आणि कोठे?

हा प्रश्न छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर २ सारख्या वस्तीत विचारला गेला, तर त्याला निराळे वजन येते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती ही सेक्टरांची नगरी वसली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या कामगारांत नागपूर-हावडा लोहमार्गाने विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. मुलांच्या शिक्षणावर पोटाला चिमटा घेऊन खर्च करणारी ही नगरी आहे. त्याच वसाहतीत सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र उभे आहे. अशा ठिकाणी ‘डॉक्टरेट’ हा शब्द घराघरांत आदराने उच्चारला जातो, आणि म्हणूनच तो शब्द विकणाऱ्यांचे जाळेही येथे सहज पसरू शकते.

प्रथम व्यवसायाची पार्श्वभूमी पाहू. १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून बाहेर पडलेल्या चार वैद्यकीय सेवकांना घेऊन पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांची टंचाई होती आणि युद्धभूमीवर शिकलेले कौशल्य नागरी जीवनात वाया जात होते. दोन्ही अडचणींवर हा एक उपाय होता. भारतात ही कल्पना १९९२ मध्ये चेन्नईत हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आली. पुढे मोठ्या रुग्णालयांत, विशेषतः हृदयशस्त्रक्रिया विभागांत, पीए हे परिचयाचे पद झाले. रुग्णाचा पूर्वेतिहास घेणे, तपासणी करणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे, शस्त्रक्रियेनंतर देखरेख ठेवणे अशी कामे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते करतात. मात्र कायद्याची ओळख मिळण्यासाठी २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात या व्यवसायाला प्रथमच जागा मिळाली.

छत्तीसगडचा इतिहास याला समांतर, पण अधिक धगधगता आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने एक कायदा करून ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यांतील आरोग्य केंद्रांत डॉक्टर जात नव्हते आणि नव्या राज्याकडे वैद्यकीय महाविद्यालये नगण्य होती. डॉक्टरांच्या संघटनांनी या अभ्यासक्रमाला कडाडून विरोध केला. त्याचे नाव एकाहून अधिक वेळा बदलले, काही वर्षांत प्रवेश थांबले, आणि शिकून बाहेर पडलेल्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ या पदावर प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. पुढे दूरच्या आदिवासी गावांतील कित्येक केंद्रांचे दार याच लोकांनी उघडे ठेवले.

मग २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया, राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र आणि राज्य आरोग्य संसाधन केंद्र यांच्या संशोधकांनी छत्तीसगडच्या प्राथमिक केंद्रांतील एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी, आयुष डॉक्टर, ग्रामीण वैद्यकीय सहायक आणि परिचारिका-औषधनिर्माते यांची तुलना केली. प्राथमिक केंद्रांत नेहमी आढळणारे आजार हाताळण्यात ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. पुढे २०१३ मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकातही आले. मध्यम स्तरावरील आरोग्यसेवक या विषयावर भारतात जी चर्चा होते, तीत या अभ्यासाचा दाखला आजही दिला जातो.

या साऱ्या घटनाक्रमातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या अभ्यासाचा विषय ग्रामीण वैद्यकीय सहायक होते. प्रश्न विचारणारे मात्र दुसरे होते. कोणत्या आजारांवर त्यांची परीक्षा घ्यायची, ‘योग्य उपचार’ कशाला म्हणायचे, आणि निष्कर्षांतून कोणती शिफारस काढायची, हे बाहेरच्या तज्ज्ञांनी ठरवले. तज्ज्ञ प्रामाणिक होते आणि निकाल सहायकांच्या बाजूने लागला, हे त्यांचे सुदैव. निकाल उलट लागता, तर त्याची चिकित्सा करण्याचे प्रशिक्षण मिळालेला माणूस त्यांच्यात कोण होता? एखाद्या व्यवसायाला डॉक्टरेट हवी असते ती यासाठी. स्वतःविषयीचे प्रश्न स्वतः मांडता यावेत, आणि दुसऱ्याने मांडलेल्या प्रश्नातील खोट ओळखता यावी. नावापुढे दोन अक्षरे जोडणे हा त्याचा हेतू असू शकत नाही.

ही कसोटी हाती घेतली की उपलब्ध पर्यायांकडे स्वच्छ नजरेने पाहता येते.

पहिला पर्याय परदेशी ‘डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स’चा. अमेरिकेत पीए होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि परवान्यासाठी तेवढीच पुरते. गेल्या दशकात तेथील अनेक विद्यापीठांनी सेवेतील पीएंसाठी डॉक्टरेट सुरू केल्या. त्यांतील बऱ्याच मुख्यतः ऑनलाइन आहेत, एक-दोन वर्षांत पूर्ण होतात, आणि नेतृत्व, व्यवस्थापन, अध्यापन अशा विषयांवर भर देतात; शेवटी प्रबंधाऐवजी अनेकदा एखादा प्रकल्प असतो. याला सन्मान्य अपवाद आहेत. अमेरिकी सैन्यदल आणि बेलर विद्यापीठ यांचा आपत्कालीन वैद्यकातील डॉक्टरेट कार्यक्रम प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या कठोर प्रशिक्षणावर उभा आहे. परंतु सर्वसाधारण नियम असा की, या पदवीने अमेरिकेतही पीएच्या कामाची कायदेशीर व्याप्ती वाढत नाही. तेथील रुग्णालयात बढती मिळवण्यास किंवा पीए महाविद्यालयात शिकवण्यास ती उपयोगी पडते. भिलाई किंवा नागपुरात राहून काम करणाऱ्याला तिचा उपयोग काय, याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. त्या नियमांखाली आपली पदवी बसेल काय, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे लागते. भरल्यानंतर विचारणे हा केवळ मनस्ताप असतो.

दुसरा पर्याय भारतीय विद्यापीठातील पीएचडीचा. तो संथ आणि अवघड आहे, आणि बहुतेकांसाठी तोच अधिक योग्य आहे. २०२२ च्या आयोगाच्या नियमांनुसार हा अभ्यास किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा असतो. स्त्रियांना दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. नोकरी सांभाळून, नियोक्त्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह, अर्धवेळ पीएचडी करण्याची मुभा आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देण्यास मात्र स्पष्ट मनाई आहे. ‘परदेशी विद्यापीठाशी सहकार्य’ असे सांगून ऑनलाइन पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आयोगाने जाहीर इशारे दिले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षांसाठी नवे प्रवेश देण्यास बंदी करण्यात आली. तेथे आधीच नाव नोंदवून बसलेल्या विद्यार्थ्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना प्रत्येक इच्छुकाने करून पाहावी.

पात्रतेचा मुद्दा याहून नाजूक आहे. पीएचडीला ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, किंवा ७५ टक्के गुणांची चार वर्षांची पदवी लागते. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. अनेक पीए अभ्यासक्रम तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशा रचनेचे आहेत. असे इंटर्नशिपचे वर्ष धरून होणारी पदवी ‘चार वर्षांची’ मानली जाईल काय, हे संबंधित विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. जुन्या तीन वर्षांच्या पदविकेवर नेमलेल्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांना तर थेट पीएचडीचे दार बंदच आहे. ज्यांच्या कामावर संशोधन उभे राहिले, त्यांना संशोधक होण्याची वाट नसावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचवणारा एखादा पूल त्यांच्यासाठी बांधणे राज्याला अशक्य नाही.

तिसरा पर्याय अनेकांच्या ध्यानातही येत नाही: आपल्या व्यवसायाच्या नावाची डॉक्टरेट शोधण्याऐवजी आपल्या प्रश्नाच्या विषयात डॉक्टरेट करणे. सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र किंवा वैद्यकीय शिक्षण यांपैकी एखाद्या शाखेत काम केलेला पीए आपल्या रुग्णसेवेचा अनुभव तेथे घेऊन जातो, आणि तेथील पद्धतिशास्त्र परत घेऊन येतो. भारतात पीए या विषयात पीएचडी झालेले मार्गदर्शक अजून विरळ असल्याने हाच मार्ग व्यवहार्य ठरतो. भिलाईच्या उमेदवाराला रायपूरचे एम्स आणि राज्याचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ जवळ आहे. कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाईचे संकुल आहे, जेथील विदाविज्ञान किंवा जैव अभियांत्रिकीचे ज्ञान रुग्णालयाच्या प्रश्नांना लागू पडू शकते. रेल्वेने काही तासांवर नागपूर आहे. कोणत्या विभागात कोणत्या पात्रतेवर प्रवेश मिळतो, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. परंतु शोधाची दिशा प्रश्नाकडून संस्थेकडे जाणारी असावी.

आणि प्रश्नांची येथे वाण नाही. छत्तीसगडमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर हायड्रॉक्सियुरियाचा उपचार मिळालेला रुग्ण वर्षभर गोळ्या नियमित घेतो काय? नसेल, तर तो कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे गळतो? हा प्रश्न मोठ्या प्रयोगशाळेचा नाही. रुग्णाला महिन्यामागून महिना भेटणाऱ्या माणसाचा आहे. गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गावात मूत्रपिंडाच्या विकाराने झालेले मृत्यू वर्षानुवर्षे चर्चेत आहेत आणि त्यांच्या कारणांविषयी मतैक्य नाही. पोलाद कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्यांवर उष्णतेचा दीर्घकालीन परिणाम, भाजलेल्या रुग्णांचे घरी गेल्यानंतरचे हाल, शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग यांतील प्रत्येक विषय एका प्रामाणिक प्रबंधाला पुरेसा आहे.

अशा संशोधनाची परंपरा या भूमीला परकी नाही. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, शिस्तीने नोंदी ठेवल्या, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवून दिले. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले आणि कामगारांतूनच आरोग्यसेवक तयार केले. या दोन्ही ठिकाणी उत्तरे जवळच्या माणसांनी शोधली. फरक एवढाच की गडचिरोलीत मोजमापाची शिस्त आरंभापासून होती, म्हणून तेथील काम देशाच्या धोरणात उतरले. कळकळीला मोजमापाची जोड देणे, हेच तर डॉक्टरेटने शिकवायचे असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. देशाला खाटेजवळ उभे राहणारे हात हवे आहेत. पीएंनाही डॉक्टरेटच्या मागे लावले, तर ते हातही कमी होतील. अमेरिकेत फिजिओथेरपी आणि औषधनिर्माणशास्त्र या व्यवसायांत प्रवेशाची पात्रताच डॉक्टरेटवर गेली, शिक्षणाचा काळ व खर्च वाढला, आणि त्याचा भार विद्यार्थ्यांवर पडला. त्या वाटेने भारताने जाऊ नये, हे मान्यच करावे लागेल. डॉक्टरेट ही व्यवसायात शिरण्याची अट कदापि होऊ नये. तथापि काहींनी ती घेतल्याशिवायही भागणार नाही. नवा अभ्यासक्रम देशभर शिकवायचा, तर तो शिकवणार कोण? पीएंना पीए घडवणारे शिक्षक मिळाले नाहीत, तर दुसऱ्या व्यवसायातील लोक त्यांना आपल्या सोयीचे मदतनीस म्हणून घडवतील. शंभरात दोघे-तिघे संशोधनाकडे वळले तरी उरलेल्यांच्या कामाचा दर्जा त्यांच्यामुळे वाढू शकतो.

दुसरा आक्षेप बिरुदाविषयीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ च्या लेंग अहवालाने तर ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव बदलून पुन्हा ‘असिस्टंट’ करावे, अशी शिफारस केली. रुग्णांना आपल्यासमोर डॉक्टर आहे की नाही हेच कळत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. पीएचडी झालेल्या व्यक्तीला विद्यापीठात ‘डॉ.’ म्हणवून घेण्याचा निर्विवाद अधिकार आहे. रुग्णाच्या खाटेजवळ मात्र ओळख करून देताना व्यवसाय प्रथम सांगावा. ताप चढलेल्या मुलाच्या आईला समोरच्या माणसाच्या प्रबंधाशी कर्तव्य नसते. औषध लिहून देण्याचा अधिकार आणि चुकल्यास उत्तरदायित्व कोणाचे, हे तिला कळले पाहिजे. हा संकोच व्यवसायाला कमीपणा आणत नाही. उलट ज्या व्यवसायावर सतत संशय घेतला जातो, त्याची पत अशाच वागण्याने वाढते.

तेव्हा निवडीचा क्रम कसा असावा? आरंभी प्रश्न. आपल्या रोजच्या कामातील कोणती गोष्ट आपल्याला झोपू देत नाही, हे एका पानावर लिहून काढावे. ते पान लिहिता येत नसेल, तर अद्याप डॉक्टरेटची वेळ आलेली नाही. त्याऐवजी एखादा संशोधन पद्धतींचा छोटा अभ्यासक्रम करावा. त्यानंतर मार्गदर्शक. त्या प्राध्यापकाचे स्वतःचे संशोधन वाचावे, त्यांच्या हाताखालील विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले ते विचारावे, आणि निवृत्तीचे वर्षही संकोच न करता पाहावे. कारण निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मग माहिती. ज्या रुग्णालयातील नोंदी वापरायच्या, तेथील नैतिकता समिती परवानगी देईल काय? नियोक्ता आठवड्यातून किती तास सोडेल? त्यानंतर पैसा: पूर्णवेळ संशोधनासाठी राष्ट्रीय पाठ्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये आहे, अर्धवेळ करणाऱ्याने असे साहाय्य गृहीत धरू नये. पदवीचे नाव आणि संस्थेची झळाळी यांचा विचार सर्वांत शेवटी. जाहिराती हा क्रम नेमका उलटा करतात. त्यांच्यात झळाळी पहिली असते आणि प्रश्न कोठेच नसतो.

संस्थांचेही काही देणे लागते. वैद्यकीय विद्यापीठांनी पीए पदवीधरांना सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्राच्या पीएचडीसाठी निःसंदिग्धपणे पात्र ठरवावे. मोठ्या रुग्णालयांनी आपल्या पीएंपैकी संशोधनाची ओढ असलेल्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा द्यावा. छत्तीसगड शासनाने आपल्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांच्या दीर्घ अनुभवाचे मोल ओळखून त्यांच्यासाठी शिक्षणाचा पुढला टप्पा आखावा. देशातील पहिले आरोग्य व स्वास्थ्य केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी याच राज्यातील बिजापूर जिल्ह्यात, जांगला येथे सुरू झाले, आणि अशा केंद्रांची धुरा आज मध्यम स्तरावरील आरोग्यसेवकांवर आहे. त्यांच्या कामाचे मूल्यमापन पुन्हा होईल, आणि ते झालेच पाहिजे. त्या पुढल्या अभ्यासाच्या लेखकांमध्ये या सेवकांपैकी एखाद्याचे नाव असेल की नाही, हे आज घेतल्या जाणाऱ्या प्रवेशांवर ठरणार आहे.